डिजिटल प्रक्षेपण नाजूक नाही: अँटेना आणि बूस्टरच्या सल्ल्याला उत्तर

हवेतून येणारं टीव्ही प्रक्षेपण ॲनालॉगवरून डिजिटलवर गेलं की एक सल्ला हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा: डिजिटलला जास्त ताकदीचा सिग्नल लागतो, जुना अँटेना त्याला चालत नाही, ‘डिजिटल अँटेना’च घ्यावा लागतो, चित्र अडकत असेल तर बूस्टर, म्हणजे सिग्नल मोठा करणारं उपकरण, बसवावा, आणि जुना टीव्ही सरळ टाकून द्यावा. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा चुकीचा आहे. त्याची झळ सगळ्यात जास्त बसते ती वयस्कर, एकट्या राहणाऱ्या माणसांना. बातम्या आणि सोबत दोन्ही त्यांना त्या एका पडद्यावरूनच मिळतात, आणि नको त्या वस्तूंवर खर्च करूनही पडदा काळाच राहतो.

आधी ताकदीचा मुद्दा, कारण बाकीचे गैरसमज त्यातूनच निघतात. ॲनालॉगवर मुंग्या नसलेलं स्वच्छ चित्र हवं असेल तर सिग्नल गोंगाटापेक्षा, म्हणजे त्यात मिसळणाऱ्या नको त्या विद्युत खळबळीपेक्षा, ४० डेसिबलहून जास्त वर असावा लागायचा, म्हणजे १०,००० पटींहून अधिक. अमेरिकेतल्या डिजिटल पद्धतीला सुमारे १५ डेसिबल पुरतात, म्हणजे साधारण ३० पट. युरोपीय पद्धतीचा आकडा निवडलेल्या मांडणीनुसार थोडा वरखाली होतो, पण तोही ॲनालॉगच्या जवळपास जात नाही. म्हणूनच प्रक्षेपण केंद्रंही कमी शक्तीवर भागवतात. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मनोऱ्यावरून ॲनालॉग प्रक्षेपण १,००० किलोवॉटने जायचं. २०१२ मध्ये ते बंद झाल्यावर डिजिटल २०० किलोवॉटने जाऊ लागलं.

मग ‘आधी दिसायचं, आता दिसत नाही’ हा अनुभव खोटा आहे का? नाही. ॲनालॉग हळूहळू बिघडायचं: आधी थोड्या मुंग्या, मग रंग उडायचे, शेवटी नुसत्या सावल्या, आणि माणूस त्या सावल्यांतूनही सामना बघायचा. डिजिटलमध्ये पाठवलेल्या माहितीबरोबर चुका दुरुस्त करण्यापुरती जादा माहितीही येते. चुका दुरुस्तीच्या आवाक्यात असेपर्यंत चित्र निर्दोष दिसतं. आवाक्याबाहेर गेल्या की चौकोन पडतात, आवाज तुटतो, चित्र गोठतं. या दोन अवस्थांमध्ये अंतर जेमतेम एखाद्या डेसिबलचं असतं. म्हणजे ज्या घरात ॲनालॉग आधीच धापा टाकत होतं, त्या घरातला दोष आता उघडा पडला. केबल किंवा जोडणी वर्षानुवर्षं खराबच होती, चित्र ते सांगत होतं, पण आपल्याला त्याची सवय झाली होती.

आता ‘डिजिटल अँटेना’. अशी वेगळी वस्तूच नसते. अँटेनाला लहरींची वारंवारता कळते. त्या लहरींवर ॲनालॉग चित्र स्वार आहे की डिजिटल आकडे, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. खोक्यावर ‘डिजिटल’ छापलेलं असतं ते विक्रीसाठी. खरा प्रश्न एवढाच की तुमचं केंद्र वारंवारतेच्या कोणत्या पट्ट्यात प्रक्षेपण करतं आणि तुमचा अँटेना त्या पट्ट्यासाठी बनलेला आहे का. बदलाच्या वेळी काही केंद्रं पट्टा बदलतात आणि तिथे मात्र अँटेना खरोखर कमी पडू शकतो. अमेरिकेत १२ जून २००९ला मोठ्या केंद्रांचं ॲनालॉग प्रक्षेपण बंद झालं, तेव्हा फिलाडेल्फियाचं ६ नंबरचं आणि शिकागोचं ७ नंबरचं केंद्र आपलं डिजिटल प्रक्षेपण यूएचएफमधून (जास्त वारंवारतेचा, आखूड लहरींचा पट्टा) पुन्हा व्हीएचएफ (कमी वारंवारतेच्या, लांब लहरींच्या) पट्ट्यात घेऊन आली. असंख्य घरांत चित्र गेलं. लोकांनी डिजिटलसाठी म्हणून यूएचएफचे छोटे, घरात ठेवायचे अँटेना घेतले होते. ६ नंबरच्या चॅनेलची लहर सुमारे साडेतीन मीटर लांब असते, यूएचएफची अर्ध्या मीटरच्या आसपास. वीतभर अँटेनाने साडेतीन मीटरची लहर नीट पकडावी कशी? उलट छतावरचा जुना, लांब काड्यांचा अँटेना ज्यांनी काढला नव्हता, त्यांची सोय झाली. फिरणाऱ्या सल्ल्याने तोच अँटेना भंगारात घालायला सांगितलं होतं.

त्याच दिवसांत पुष्कळ घरांतला उपाय याहून सोपा होता: चॅनेल पुन्हा शोधायला लावणं. केंद्राने वारंवारता बदलली तरी डबा, म्हणजे डिजिटल सिग्नल उलगडून टीव्हीला देणारा सेट-टॉप बॉक्स, जुन्याच जागी शोधत बसतो. काही डबे जुनी यादी सहज सोडत नाहीत. अशा वेळी अँटेनाची वायर काढून एकदा रिकामा शोध घ्यायचा आणि मग वायर लावून पुन्हा शोध घ्यायचा. याला पैसे लागत नाहीत.

बूस्टरचा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो परिस्थिती आणखी बिघडवू शकतो. गर्दीत कुणाचं बोलणं ऐकू येत नाही म्हणून त्या गर्दीसमोरच ध्वनिक्षेपक ठेवला तर कलकलाटही तेवढाच मोठा होतो. टीव्हीमागे लावलेला बूस्टर हेच करतो: केबलमधून येताना जे हरवलं ते परत मिळत नाही, गोंगाट मात्र सिग्नलच्या बरोबरीने वाढतो आणि बूस्टरचा स्वतःचाही त्यात मिसळतो. मनोरा जवळ असेल तर सिग्नल इतका चढतो की डब्याचा सिग्नल आत घेणारा भागच गुदमरतो आणि चांगले चॅनेलही जातात. बूस्टरला योग्य जागा एकच: वर, अँटेनापाशी, केबलमधली घट सुरू होण्याआधी. तोही लांब केबल असेल किंवा एका अँटेनावर अनेक टीव्ही चालवायचे असतील तरच.

ही घट लहान नसते. चांगल्या जातीच्या केबलमध्येही यूएचएफचा सिग्नल ३० मीटरमध्ये सुमारे ६ डेसिबल उतरतो, म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश शक्ती वाटेतच संपते. दोन टीव्हींसाठी वाटणी केली की प्रत्येकाच्या वाट्याला निम्म्याहूनही थोडी कमी येते. त्यात उन्हाने तडकलेलं आवरण, आत शिरलेलं पाणी, हिरवट झालेलं तांबं, नुसती पिळून चिकटपट्टी लावलेली जोडणी. जाळीचं आवरण विरळ असलेली केबल तर स्वतःच अँटेना बनते आणि घरातल्या मोटरच्या, फ्रिजच्या चालू-बंद होण्याच्या ठिणग्या आत ओढते. चित्र ठरावीक वेळांनी गोठत असेल तर संशय आधी इथे घ्यावा. ॲनालॉगमध्ये ती ठिणगी म्हणजे पडद्यावरची एक पांढरी रेघ होती. डिजिटलमध्ये क्षणभर चित्रच थांबतं. ही एक गोष्ट डिजिटलने खरोखर जास्त त्रासाची केली, हे मान्य करायला हवं.

पडद्यावरच्या दुहेरी सावल्यांच्या बाबतीत मात्र उलट घडलं. इमारतीवर, डोंगरावर आपटून उशिरा पोचणाऱ्या लहरीमुळे ॲनालॉगवर दुहेरी चित्र दिसायचं. युरोपात आधी आलेल्या डिजिटल पद्धतीत प्रत्येक चिन्हाआधी, म्हणजे माहितीच्या प्रत्येक तुकड्याआधी, थोडी राखीव वेळ ठेवलेली असते. जास्तीत जास्त २२४ मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात लहर ६७ किलोमीटर जाते, म्हणजे एवढा वळसा घालून आलेला प्रतिध्वनीही चित्र बिघडवत नाही.

जुना टीव्ही टाकून देण्याबद्दल फार लिहायची गरज नाही. डिजिटल डबा जुन्या संचाला लाल, पांढऱ्या, पिवळ्या जोडणीतून चालतो. ती नसेल तर अँटेनाच्या जागेतून चालवणारे डबेही मिळतात. अमेरिकन सरकारने अशा डब्यांसाठी घरटी ४० डॉलरची दोन कुपनं दिली होती.

सिग्नल कुठे हरवतो हे बघायला डब्याच्या मेनूत दोन आकडे असतात, ताकद आणि गुणवत्ता. ताकद भरपूर आणि गुणवत्ता कमी असेल तर बूस्टर नकोच. गोंगाट, सिग्नलचा अतिरेक किंवा जवळचा मोबाइल मनोरा शोधावा. टीव्हीचे वरचे पट्टे अनेक देशांत मोबाइलला दिले गेले आहेत, आणि त्यांचा अडथळा गाळून टाकायला छोटा फिल्टर पुरतो. दोन्ही आकडे कमी असतील तर अँटेनाची दिशा, मग जोडण्या, मग केबल या क्रमाने बघावं. दिशा बघताना ताकदीच्या नव्हे, गुणवत्तेच्या आकड्यावर नजर ठेवावी.

आणि खोल दरीत, डोंगराच्या पूर्ण आड असलेल्या घरांत हे सगळं करूनही चित्र येणार नाही. तिथे लहानसं पुनर्प्रक्षेपण केंद्र किंवा उपग्रहाची तबकडी हाच मार्ग आहे, आणि अँटेना बसवायला आलेल्या माणसाने पैसे घेण्याआधी ते त्या घराला स्पष्ट सांगितलं पाहिजे.