पदवी समारंभातल्या त्या भाषणाबद्दल

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की, रसायनशास्त्र विभागाच्या पदवी समारंभावर लिहिताना मी पाहुण्या बाईंचं नको तितकं कौतुक केलं. आनंदाच्या दिवशी त्या पाण्यातल्या फ्लोराइडवर आणि त्याने वाकलेल्या हाडांवर बोलत बसल्या, पालकांना काही कळलं नाही, आणि त्यापेक्षा नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतला एखादा उद्योजक बोलावला असता तर पोरांना चार कामाच्या गोष्टी मिळाल्या असत्या.

पालकांचं आधी घेतो, कारण तिथे मला तुमचं अजिबात पटत नाही. बाईंनी टेबलावर दोन परीक्षानळ्या ठेवल्या होत्या. एकीत ऊर्ध्वपातित पाणी, दुसरीत हातपंपाचं. दोन्ही सारखीच नितळ. मग दोन्हींत त्यांनी झिर्कोनियम हा धातू आणि रंगद्रव्य यांचं लाल द्रावण सारखंच घातलं. पहिली लाल राहिली, दुसरीचा रंग उतरला. पाण्यातलं फ्लोराइड झिर्कोनियमला आपल्याकडे ओढतं, म्हणून रंग फिका पडतो, एवढंच त्या बोलल्या. माझ्या शेजारी पांढरकवड्याकडचे एक काका बसले होते. ते कार्यक्रम संपल्यावर थेट बाईंकडे गेले आणि आमच्या बोअरचं पाणी तपासायला कसं आणायचं, असं विचारलं. स्वच्छ प्लास्टिकची बाटली घ्या, पंप थोडा वेळ चालू द्या, मग भरा, असं बाईंनी त्यांना सांगितलं. ज्याला काही कळलंच नाही, तो असा प्रश्न विचारेल का?

आणि हा विषय आपल्यापासून लांबचा नाही. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही भागांत खडकातलं फ्लोराइड भूजलात उतरतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालतं, असं आपलं मानक सांगतं. त्याहून जास्त वर्षानुवर्षं पोटात गेलं की आधी दातांवर डाग येतात, मग सांधे आखडतात. पाण्यातलं फ्लोराइड काढायचं नालगोंडा तंत्र आपल्या नागपूरच्या नीरीतलं, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेतलं. नाव तेलंगणातल्या जिल्ह्याचं, काम इथलं. तुरटी आणि चुना घालून पाणी ढवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी घ्यायचं.

बाई इथेच थांबल्या असत्या तर टाळ्या जास्त पडल्या असत्या. त्यांनी पुढची अडचणही सांगितली. तुरटी भरपूर लागते, मात्रा चुकली की पाण्यात ॲल्युमिनियम उरतं, गाळाचं काय करायचं हा प्रश्न राहतो, आणि गावात रोज न चुकता हे करणारं माणूस लागतं. तुम्हाला यात निराशा दिसली. मला यात त्या पोरांबद्दलचा आदर दिसला. तीन-पाच वर्षं ज्यांनी प्रयोगशाळेत थेंब थेंब द्रावण घालत टायट्रेशन केलं, त्यांना त्यांच्याच विद्येतलं न सुटलेलं गणित मोठ्यांच्या बरोबरीने दाखवणं, याहून मोठा मान कोणता द्यायचा? ‘स्वप्नं पाहा, मेहनत करा’ हे तर त्यांनी बारावीपासून ऐकलेलं आहे.

नोकरीची काळजी मात्र खरी आहे, आणि ती तुम्ही मांडलीत हे बरं केलंत. एमएस्सी होऊन घरी बसलेली मुलं मीही पाहतो. उद्योगाशी नातं तर नागपूरच्या रसायनशास्त्राला जुनंच आहे. कामठीच्या रावबहादूर लक्ष्मीनारायण यांनी उपयोजित विज्ञान आणि रसायनाच्या शिक्षणासाठी आपली संपत्ती नागपूर विद्यापीठाला दिली, त्यातून १९४२ मध्ये एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, उभी राहिली.

तेव्हा पुढच्या वर्षी बुटीबोरी किंवा हिंगण्याहून पाहुणा आणा, मी पहिल्या रांगेत बसेन. फक्त त्याने कंपनीची उलाढाल सांगू नये. त्याच्या प्लँटमध्ये कोणती बॅच का फसली, सांडपाण्याचं काय करतात आणि नव्या मुलाला प्रयोगशाळेत पहिल्या महिन्यात काय जमत नाही, हे सांगावं. असं बोलणारं कोणी तुमच्या ओळखीत असेल तर विभागाला जरूर कळवा.