पत्र लिहून घेणं म्हणजे काय? ‘चाकरमानी’ यांना उत्तर

चाकरमानी यांस,

‘यंत्र आधी बायकांच्या टेबलावर आलं’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा डोकं तापलं होतं. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. कोकणातल्या पतसंस्था, बचत गट, छोट्या कारखान्यांची ऑफिसं इथे एआय वापरायला बायका पुढे झाल्यात, असं मी लिहिलं होतं. त्यावर हे गृहस्थ म्हणतात, “चार बायकांनी मोबाईलवर पत्रं लिहून घेतली म्हणून ते नेतृत्व होत नाही, ताई. मिक्सर घेतला म्हणून बाई इंजिनिअर झाली, म्हणण्यासारखं आहे हे.” पुढे आणखी प्रश्न आहेत: आकडे कुठे आहेत, पगार वाढला का, निर्णय कोण घेतं, सभासदांची माहिती यंत्राला देता तर २०२३चा डेटा संरक्षण कायदा वाचलाय का, आणि बायका पुरुषांपेक्षा एआय कमीच वापरतात असं संशोधन सांगतं ते ठाऊक आहे का. जाता जाता एक तारीख चुकल्याचंही दाखवलंय.

तारखेचं आधी. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ला आलं, मी २०२३ लिहिलं. चूक माझी, मान्य. आमच्याकडे ते पुढच्या शिमग्याला पोचलं, त्यामुळे हातून तसं गेलं. आभार.

आता मिक्सर.

एका वाक्यात ‘ताई’ म्हणायचं आणि दुसऱ्यात मिक्सर काढायचा, ही कुठली रीत? मतभेद असू देत, पण उपमा शोधायला तुम्ही थेट माझ्या स्वयंपाकघरात शिरलात. पुरुषांच्या लेखाखाली असल्या उपमा मी तरी वाचलेल्या नाहीत. तुमच्या ऑफिसात साहेबांनी नवं सॉफ्टवेअर आणलं तर त्यांना तुम्ही मिक्सर म्हणून दाखवाल का? नाही दाखवणार. मग मुद्दा यंत्राचा नाहीच.

मी कणकवलीजवळच्या एका पतसंस्थेत सव्वीस वर्षं काम करते आहे. लागले तेव्हा कीर्द-खतावणी हाताने लिहायची, तेरीज, म्हणजे जमा-नावेचा ताळा, जुळली नाही तर रात्री आठलासुद्धा घरी जाता यायचं नाही. मग संगणक आला. २००१ला एमएस-सीआयटी हा संगणकाचा कोर्स सुरू झाला, पुढच्या वर्षी मी पदरचे पैसे भरून केला, मुलाला सासूबाईंच्या मांडीवर ठेवून. तेव्हाही एक काका काउंटरवर येऊन म्हणाले होते, “बोटं चालवून काय हिशेब येतो काय?” तुमची प्रतिक्रिया वाचून मला ते काका आठवले. ते निदान समोर येऊन बोलले, स्वतःच्या नावाने.

तर पत्र लिहून घेणं म्हणजे काय, ते तुम्हाला दाखवते.

गेल्या जूनमधली गोष्ट. एका सभासदाचे तीन हप्ते थकलेले. छोटा बागायतदार, त्या साली मोहोर गळाला, हातात काही आलं नाही. नोटीस पाठवायची होती. मी यंत्राला मराठीत बोलून सांगितलं आणि त्याने अर्ध्या मिनिटात पत्र काढून दिलं. शुद्धलेखन उत्तम, माझ्यापेक्षा बरंच. पण मजकूर असा की जणू माणूस पैसे घेऊन दुबईला पळालाय! ‘कठोर कायदेशीर कारवाई’, ‘अंतिम संधी’, ‘सर्व परिणामांस आपण जबाबदार’. हे पत्र त्या घरात गेलं असतं तर त्याच्या आईने जेवण सोडलं असतं आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत निम्मी वाडी आमच्या अंगावर आली असती. मग मी यंत्राला नीट समजावलं. माणूस बुडवणारा नाही, आंबा गेलाय, काजूचे थोडे पैसे यायचेत, चतुर्थीच्या आधी एक हप्ता भरला तरी चालेल, उरलेल्याची मुदत वाढवायला अर्ज कर म्हणून सांग. चौथ्या खेपेला पत्र जमलं. शेवटची ओळ मी माझ्या हाताने बदलली, कारण ‘आपला विश्वासू’ त्याला कळेल, ‘सस्नेह’ कळणार नाही. हप्ता नागपंचमीलाच आला.

यातलं मिक्सरने काय केलं आणि बाईने काय केलं, ते तुम्हीच वेगळं करून दाखवा.

दुसरं उदाहरण आमच्या शेजारच्या बचत गटाचं. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, आगळाच्या (खारवलेल्या रसाच्या) बाटलीवर इंग्रजी लेबल हवं होतं. यंत्राने ‘रातांबा’ फोडला आणि करून ठेवलं ‘नाइट मँगो’. रात आणि आंबा! आम्ही सगळ्या पोट धरून हसलो. गटाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, “ह्येका रातांबे म्हायत नाय आणि ह्यो आमका शिकवतलो?” पण त्याच बाईंनी नंतर त्याला सोलं, आगळ, सरबत यांतला फरक एकेक करून सांगितला. कशात मीठ, कशात साखर, काय कशाचं होतं. तासाभराने लेबल बरोबर आलं. त्यांचं शिक्षण सातवी. आता त्या आजूबाजूच्या गटांतल्या बायकांना शिकवतात, आणि त्यांच्याकडून शिकून एकीचा नवरा त्याच्या बोटीच्या डिझेलचा हिशेब ठेवायला लागला. दुसऱ्याला शिकवणं, त्याची वाट सोपी करणं, याला मराठीत पुढारपण नाही म्हणत तर काय म्हणतात?

तुम्ही आकडे मागितलेत. घ्या. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२३मध्ये अहवाल काढला. या नव्या एआयची झळ सर्वांत जास्त कारकुनी कामांना बसणार, असं त्यात म्हटलंय. श्रीमंत देशांत बायकांच्या ७.८ टक्के नोकऱ्यांमधली कामं यंत्राकडे जाऊ शकतात, पुरुषांच्या २.९ टक्के. कारण टेबलावर बसून पत्रं, नोंदी, इतिवृत्तं करायला बायका जास्त आहेत. माझं म्हणणं तेच आहे. ज्याच्या टेबलावर यंत्र आधी येऊन बसतं त्याला ते आधी शिकावं लागतं. साहेब केबिनमध्ये बसून ‘एआय आणलं पाहिजे’ म्हणतात, आणते कोण?

हे काही आजचं नाही. १९४६मध्ये अमेरिकेत एनिअॅक हा अवाढव्य संगणक जगाला दाखवला, तेव्हा त्याचं प्रोग्रामिंग सहा बायकांनी केलं होतं. प्रात्यक्षिक झालं, टाळ्या झाल्या, रात्री मेजवानी झाली. त्या सहाजणींना मेजवानीचं बोलावणंच नव्हतं. म्हणून काय त्यांनी काम केलं नाही?

आमच्याकडेही गेल्या वर्षी एआयचं ट्रेनिंग झालं, पुण्याला, दोन दिवसांचं. संचालकांनी वसुलीतल्या दोन मुलांना पाठवलं. चांगली मुलं आहेत. परत आल्यावर पहिल्या दिवशी माझ्याच टेबलाशी आली, “मॅडम, ते पत्राचं कसं करता?” मी दाखवलं. याहून जास्त पुरावा काय द्यायचा?

पगाराचं विचारलंत. तो प्रश्न वेगळा आहे, आणि तो संस्थेचा आहे, तुमचा नाही. निर्णयाचं म्हणाल तर संचालक मंडळ निर्णय घेतं, सगळ्या सहकारी संस्थांत घेतं, त्यात नवल काय. कायद्याचं मला माहीत आहे. सभासदांची नावं मी गाळते. बहुतेक वेळा. आणि ‘बायका कमी वापरतात’ ते संशोधन खरं असेलही, पण त्यासाठी आमच्या बाजारपेठेत कोणी विचारायला आल्याचं मला आठवत नाही.

गणपतीला गावी याल तेव्हा संस्थेत या. चहा देईन. नाव न सांगता आलात तरी मी ओळखेन असं वाटतं, कारण ‘ताई’ म्हणून असं टोचणारी माणसं आमच्या तालुक्यात फार नाहीत.

आज एवढंच. सोमवारी मंडळाची सभा आहे, मागच्या सभेचं इतिवृत्त अजून व्हायचंय, ते अध्यक्षांच्या सहीने जातं. मूळ लेखातली तारीख दुरुस्त केली आहे.