डबा ठेवा, जागा राखा

पुण्यात गाडी घेतलीत, अभिनंदन. आता सोसायटीसमोरचा ५ मीटर रस्ता तेवढा ताब्यात घ्यायचा राहिला. त्याला सातबारा लागत नाही, १५ किलो तेलाचे दोन पत्र्याचे डबे लागतात.

रिकामे ठेवलेत तर पहिलाच भंगारवाला घेऊन जाईल. काँक्रीट भरा. एका डब्याला लिटरच्या मगाने २ मग सिमेंट, ४ वाळू, ८ खडी आणि दीड लिटर पाणी. पाणी सढळ हाताने ओतलंत तर खडी तळाला बसते आणि वरचा थर पहिल्या पावसात भुगा होतो. डबा निम्म्याहून जरा जास्त भरतो, वजन वीसेक किलो. काठोकाठ भरायचा मोह आवरा. ३५ किलोचा डबा शेजाऱ्याला हलत नाही हे खरं, पण रात्री दमून आल्यावर तो बाजूला करायचाय तुम्हालाच. उचलायला सळईची कडी ओल्या काँक्रीटमध्येच रोवून टाका.

वरचा भाग मोकळा सोडलात तर पाणी साचून डास होतील आणि महापालिकेची नोटीस येईल. डासांबद्दल हो, रस्त्याबद्दल नव्हे. म्हणून वर माती घालून तुळस लावा. अतिक्रमणवाले टायर, मोडक्या खुर्च्या बिनदिक्कत गाडीत टाकतात. तुळशीपाशी हात जरा घुटमळतो. काँक्रीटच्या बोटभर वर पत्र्याला खिळ्याने भोक मात्र पाडा, नाहीतर मुळं कुजतात, आणि वाळलेल्या काटक्यांना कोण भितंय?

दोन डब्यांमध्ये नायलॉनची दोरी बांधा. दोरी नसेल तर तेवढ्यात सहा स्कूटर आरामात आडव्या लागतात, आणि स्कूटरवाला तुळशीला नमस्कार करून लावतो.

गल्लीत पी-१, पी-२च्या पाट्या असतील तर मेहनत वाढते. विषम तारखेला एक बाजू, सम तारखेला समोरची. म्हणजे रोज रात्री बाराला डबे रस्ता ओलांडणार. ढकलत नेऊ नका, गंजलेला तळ डांबराला घासून सुटतो. शिवाय ३१ नंतर १ येते, दोन्ही विषम, त्या रात्री काहीच हलवायचं नसतं. नवखे सवयीने डबे आणि गाडी दोन्ही समोर नेऊन ठेवतात. सकाळी टोइंगवाले येतात, डबे नीट बाजूला सरकवतात आणि गाडी घेऊन जातात.