गिअर बदलायला मुहूर्त लागतो का?

ऑटोमॅटिक फॅमिली एसयूव्ही म्हणे! खंबाटकी घाटात मागून ट्रकवाला हॉर्न बडवतोय, मी अ‍ॅक्सिलरेटर पार तळाला दाबलाय आणि गाडी विचारात पडलीय, दुसरा टाकू की तिसरा? मग एकदम असा हिसका, की मागे सासूबाईंचा चहा थेट साडीवर.

गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दोन क्लचवाला, म्हणजे ड्युअल क्लच. सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं. ‘सर, ड्युअल क्लच ट्रॅफिकमध्ये तापतोच.’ तापणारच! कोरडा क्लच, थंड करायला तेल नाही, गाडी रांगली की नुसता घासतोय. मग पुण्यात विकता कशाला? इथे ट्रॅफिक नसतं कधी?

पुन्हा सॉफ्टवेअर अपडेट, पुन्हा ‘ट्रायलला ओके आहे सर’. असणारच, रिकाम्या रस्त्यावर फिरवलीत ना! वर सल्ला, ‘मॅन्युअल मोडमध्ये चालवा.’ मग ऑटोमॅटिकचे जास्तीचे पैसे कसले घेतलेत?