गवत कापायच्या मशीनचा रंग

दादाच्या सोसायटीची सभा परवा दोन तास चालली. कोथरूडात, पौड रस्त्याच्या आतल्या बाजूला, चौसष्ट फ्लॅट आणि मधोमध गणपतीचा मांडव बसेल एवढी हिरवळ. इतकी वर्षं माळीकाका हाताने ढकलायच्या मशीनने ती कापायचे. ते मशीन आता गंजून बसलंय, म्हणून नवीन घ्यायचं. पेट्रोलचं की विजेचं हे दहा मिनिटांत मिटलं, कारण विजेच्या मशीनची वायर मागे ओढत फिरणार कोण? वाद पेटला रंगावर. दोन कोटेशनं होती, किंमत जवळपास सारखी, एक मशीन हिरवं, एक नारिंगी. कुणाला हिरवं शोभून दिसेल असं वाटत होतं, कुणाला नारिंगी. मग एक गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, "रंग कसला बघताय? अमेरिकेत असलं कुणी बघत नाही. तिथे लोक इंजिन बघतात." झालं, सभा गप्प. रात्री दादाने मला फोनवर हे सगळं सांगितलं आणि विचारलं, "बरोबर आहे ना रे त्यांचं?"

नाही दादा, बरोबर नाही. आणि तेव्हापासून माझं डोकं शांत झालेलं नाही.

मी चौदा वर्षं डॅव्हनपोर्टला राहतो, आयोवात. मिसिसिपी ओलांडली की मोलीन, हिरवे-पिवळे ट्रॅक्टर आणि गवत कापायची मशीनं बनवणाऱ्या जॉन डिअर कंपनीचं मुख्यालय. आमच्या गल्लीत अकरा घरं आहेत आणि कुठल्या गॅरेजमध्ये कुठल्या रंगाचं मशीन उभं आहे हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. कोथरूडच्या हॉलमध्ये कुणीतरी अमेरिकेच्या नावावर काहीतरी ठोकून देतो आणि शिकलेली, नोकरी-धंदा केलेली माणसं माना डोलावून गप्प बसतात, याचा मला राग येतो. आपल्याकडे कुठल्याही वादात अमेरिका हा हुकमाचा एक्का झालाय. टाकला की डाव संपला. ज्याने टाकला त्याने इथे कधी एक शनिवार गवत कापलेलं नसतं.

इंजिनाचंच बोलायचं तर बोलू. स्वस्तातल्या राइडिंग मोअरचं, म्हणजे वर बसून चालवायच्या मशीनचं, हूड उचला. हिरव्याखालीही ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं इंजिन सापडेल आणि लाल-पिवळ्याखालीही. किमतीत जरा वर सरकलात की कावासाकी. म्हणजे नुसतं इंजिन बघून निवडायचं म्हटलं तर निवडायला फारसं उरतच नाही. फरक असतो तो डेकचा, म्हणजे पात्यांवरच्या झाकणाचा: पत्रा साच्यात दाबून केलाय की जाड पत्रे वेल्ड केलेत. फरक असतो ट्रान्समिशनचा. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे मशीन बंद पडल्यावर तुमच्या हाकेला कोण येतं. हे शेवटचं कळतं ते रंगावरून.

रंग कुणी बघत नसतं तर कंपन्या त्यासाठी कोर्टाची पायरी चढल्या असत्या का? दुसऱ्या एका कंपनीने ट्रॅक्टरला पुढे जोडायचे लोडर जॉन डिअरच्या हिरव्या रंगात विकायला काढले, तेव्हा जॉन डिअरने दावा लावला. 1982 साली इथल्याच, आयोवाच्या, फेडरल कोर्टाने तो मान्य केला नाही. शेतकऱ्याला आपल्या ट्रॅक्टरशी जुळणाऱ्या रंगाचाच लोडर हवा असतो आणि ही आवड एकट्या कंपनीच्या नावावर करून देता येणार नाही, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. म्हणजे शेतकरी रंग बघतो हे कोर्टानेच लिहून ठेवलं. पुढे 1995 मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने नुसता रंगही ट्रेडमार्क होऊ शकतो असा निकाल दिला, आणि 2017 मध्ये केंटकीच्या कोर्टात जॉन डिअर जिंकली. फवारणीची यंत्रं हिरव्या-पिवळ्या जोडीत रंगवून विकायची नाहीत, असं त्या दुसऱ्या कंपनीला बजावण्यात आलं. इतकी वर्षं, इतका पैसा, रंगासाठी. आणि म्हणे तिथे कुणी बघत नाही.

त्या वाक्यामागचं न बोललेलं "आपल्याकडे" मला जास्त टोचतं. जणू साध्या गोष्टीचं अवडंबर आपणच करतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनेल म्हणून शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते, हे आपण शाळेपासून ऐकतो आणि आपल्याच लोकांच्या अडाणीपणावर हळहळतो. पण त्याच्या शंभर वर्षं आधी, 1797 मध्ये, न्यू जर्सीत चार्ल्स न्यूबोल्डने बिडाच्या नांगराचं पेटंट घेतलं तेव्हा तिथले शेतकरीही अगदी हेच म्हणत होते. जमीन नासेल. ही गोष्ट पुण्यात कुणी सांगत नाही.

आता माझं सांगतो. घर घेतलं त्या वर्षी मीही त्या गृहस्थांसारखाच विचार केला होता. रंगाला काय करायचंय? वापरलेलं एक लाल मशीन चांगल्या किमतीत मिळालं, बेचाळीस इंची डेक, घेऊन टाकलं. दोन उन्हाळे उत्तम चाललं. तिसऱ्या वर्षी जूनमध्ये डेकचा पट्टा तुटला. पट्टा तुटणं काही विशेष नाही, तो झिजायचाच. पण मापाचा पट्टा येईना. दुकानवाला म्हणाला पुढच्या आठवड्यात, मग त्याच्या पुढच्या. इथे जूनमध्ये गवत तीन आठवडे थांबत नाही. गुडघ्यापर्यंत आलं. सिटीकडून गवत कापा म्हणून पत्र आलं.

शेजारी जे आजोबा राहतात ते नोकरीची सगळी वर्षं ईस्ट मोलीनच्या हार्वेस्टर वर्क्समध्ये होते. मळणीची मोठी कंबाइन यंत्रं बनतात तो कारखाना. पत्र आलं त्या शुक्रवारी मी कामावरून परतलो तर माझं पुढचं अंगण कापून झालेलं होतं. एकदम कापलं नव्हतं त्यांनी. आधी पात्याची उंची वर ठेवून एक फेरी, मग खाली घेऊन दुसरी, कारण वाढलेलं गवत एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापलं तर ते पिवळं पडतं. कडा तासलेल्या, ड्राइव्हवेवरचं गवत झाडून काढलेलं. मी आभार मानायला गेलो तेव्हा ते गॅरेजमध्येच होते. भिंतीवर खिळ्यांना टांगलेले चार पट्टे, पात्यांचे जोड, फिल्टरचे खोके, सगळं हिरव्या मशीनचं. मला म्हणाले, तुझं हिरवं असतं तर आपण रविवारीच पट्टा बसवला असता.

एवढंच म्हणाले. पण रंग म्हणजे काय हे मला त्या भिंतीसमोर कळलं. गल्लीत सात हिरवी मशीनं आहेत, म्हणजे सात भिंतींवर तुमच्या मापाचे पट्टे आहेत. कुणाला कार्ब्युरेटर उघडता येतो, कुणाकडे पात्याला धार लावायचं यंत्र आहे. लाल मशीनवाला त्या सगळ्याच्या बाहेर.

मला तेव्हा आणखी एक गोष्ट माहीत नव्हती. लाल हा इथे नुसता लाल नाही. नदीकाठीच, रॉक आयलंडला, फार्मॉल ट्रॅक्टरचा कारखाना होता. 1936 पासून ते ट्रॅक्टर लाल. ऐंशीच्या दशकात शेतीची मंदी आली आणि कारखाना बंद पडला. गल्लीच्या टोकाला एक आजी राहतात, त्यांचे वडील त्या कारखान्यात होते. मी लाल मशीनवर बसलो की त्या व्हरांड्यातून हात करायच्या. मी समजायचो, सगळ्यांनाच करत असतील. पुढे कधीतरी गल्लीच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, त्या म्हणाल्या की आमच्या अंगणात हिरवं चाक कधी आलं नाही. माझं मशीन कुठल्या तिसऱ्याच कंपनीचं होतं, फार्मॉलशी त्याचा काही संबंध नव्हता. त्यांना ते चालत होतं. रंग लाल होता.

पुढच्या एप्रिलमध्ये मी लाल मशीन विकलं आणि हिरवं घेतलं. पट्टे मिळतात म्हणून घेतलं असं मी बायकोला सांगितलं, आणि ते खरंही आहे. पण ट्रेलरवरून मशीन उतरवताना आजोबा आले, हुडावर हात ठेवला, आणि समोरच्या घरातला माणूस, ज्याने इतक्या वर्षांत "हाय" पलीकडे शब्द काढला नव्हता, तोही रस्ता ओलांडून आला. अर्धा तास सगळे माझ्या ड्राइव्हवेवर उभे होते. मला जे हवं होतं ते हे होतं. मशीन निमित्त होतं. त्या शनिवारी गल्लीच्या टोकाशी वळताना मी व्हरांड्याकडे पाहिलं. आजी होत्या. त्यांनी हात केला नाही. रागावल्या नव्हत्या, भेटल्या की अजूनही छान बोलतात. पण हात केला नाही.

आता पुण्यातले लोक म्हणतील, हे तुमच्या मोलीनचं झालं, आमचा काय संबंध? मोलीन काही फार लांब नाही. नगर रस्त्याने शिक्रापूरकडे निघालात की सणसवाडी लागते आणि तिथे जॉन डिअरचा ट्रॅक्टरचा कारखाना आहे. 1998 पासून ही कंपनी पुण्यात आहे. शिरूर-दौंडकडच्या शेतकऱ्याला विचारा तो ट्रॅक्टर कसा घेतो ते. भावाचा कुठला, मेहुण्याचा कुठला, गावातल्या मेस्त्रीचा हात कशावर बसलाय हे बघून घेतो, आणि हे सगळं तो एका शब्दात सांगतो: हिरवा किंवा लाल. त्याला कुणी अडाणी म्हणू नये. माझ्या शेजारच्या आजोबांनी भिंतीवर टांगलेले पट्टे तो त्या एका शब्दात सांगत असतो.

आमच्या घरी मात्र रंगाला किंमत नव्हती, हेही कबूल करतो. बाबांनी चेतक बुक केली आणि वर्षानुवर्षं वाट पाहिली. नंबर लागला तेव्हा जो रंग आला तो घरी आला. फिकट निळा. आईला तो कधीच आवडला नाही, पण तिला कुणी विचारलं नव्हतं आणि बाबांनाही कुणी विचारलं नव्हतं. त्या पिढीला रंग निवडता आला नाही, म्हणून रंग बघणं म्हणजे चैन, असं आमच्या डोक्यात बसलं. सभेत उभे राहिलेले गृहस्थ बाबांच्याच वयाचे असणार. त्यांचा राग मला समजतो. त्यांनी अमेरिकेला मध्ये आणलं नसतं तर मी एक शब्द बोललो नसतो.

दादाला मी हे सगळं फोनवर सांगितलं. पट्टे, आजोबा, कोर्ट, सगळं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुझं ठीक आहे रे, पण इथे कापणार कोण ते तू विचारलंच नाहीस." खरंच विचारलं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर हिरवळ होती, मशीन होतं, सभा होती. माणूस नव्हता.

सभेनंतर माळीकाका दादाला जिन्यात भेटले होते. म्हणाले, "साहेब, नारिंगी घ्या. हिरवं मशीन हिरव्या गवतात दिसत नाही. मी पाणी प्यायला गेलो की पोरं तिथंच पळतात. नारिंगी लांबून दिसतं." तीस वर्षं त्या हिरवळीवर काढलेला माणूस. त्याला सभेत बोलवलं नव्हतं, आणि रंगावर सगळ्यात नेमकं तोच बोलला. मी चौदा वर्षं गवत कापतोय, माझ्या मनात हे कधी आलं नाही, कारण माझ्या अंगणात मुलं पळत नाहीत. या गल्लीत मुलं शेजाऱ्याच्या अंगणात विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत.

नारिंगीच घेतलं त्यांनी. खंडेनवमीला दादाने फोटो पाठवला. हिरवळीवर मशीन, दांड्याला झेंडूची माळ, पेट्रोलच्या टाकीवर हळदीकुंकू, मागे माळीकाका पांढऱ्या टोपीत, हात कुठे ठेवावेत ते न सुचल्यासारखे उभे. लहानपणी आमच्याकडे त्या दिवशी चेतक, आईचं शिलाई मशीन आणि बाबांचं पक्कड-पान्यांचं खोकं पाटाभोवती यायचं. मी इथे दरवर्षी लॅपटॉपला कुंकू लावतो. या वर्षी फोटो बघून डबी घेऊन गॅरेजमध्ये गेलो.

हुडाच्या कडेने पिवळा पट्टा आहे, त्यावर आधी हळद लावली. ती पिवळ्यात पिवळी मिसळून गेली. मग हिरव्यावर कुंकू लावलं आणि ते एकदम उठून दिसलं. हात जोडले. तेवढ्यात शेजारच्या गॅरेजचं दार वर जाताना ऐकू आलं. शनिवार होता, आजोबा निघाले होते, इकडे येणार हे नक्की. त्यांनी काहीच म्हटलं नसतं. उलट विचारलं असतं, ऐकून घेतलं असतं, कदाचित स्वतःच्या मशीनलाही लाव म्हणाले असते. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी बाहीने कुंकू पुसलं.

रात्री दादाचा फोन आला. "तू केलीस का रे पूजा?"

"हो," म्हटलं.

"फोटो पाठव की मग."