‘बोन्सायचं बी’ नावाचं काही नसतं

मोबाइलवर फिरणारा एक मजकूर मला गेल्या काही महिन्यांत सात-आठ जणांनी पाठवला. दोघांनी तर त्यावर विसंबून बिया मागवल्याही. मजकूर साधारण असा: “बोन्सायच्या खास बिया मागवा, लहान उथळ कुंडीत पेरा, पंधरा दिवसांत उगवतील. खोलीत टेबलावर ठेवा, दोन दिवसांआड चमचाभर पाणी द्या. झाड कुंडीएवढंच राहतं आणि वर्षभरात बोन्साय तयार!” या सूचना पाळल्या की रोपं मरतात, आणि नवखा माणूस ‘माझ्या हाताला गुणच नाही’ असं समजून कायमचा नाद सोडतो. याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून हे लिहितेय.

खास बियांपासून सुरुवात करू. बोन्साय ही झाडाची जात नाही. या जपानी शब्दाचा अर्थच मुळी ‘उथळ पात्रात लावलेलं’. पाइनचं बोन्साय पाइनच्या साध्या बीपासूनच होतं. तेच बी रानात पडलं तर उंच वृक्ष होईल. लहानपण बीमध्ये नसतं, छाटणाऱ्या हातात असतं. पाकिटावर निळ्या पानांचा मेपल छापलेला असेल तर ते पाकीट घेऊच नका, तसा मेपल नसतो. लाल पानांचा असतो, पण त्याच्याही नामांकित वाणांचं बी पेरलं तर रोपं आईसारखीच निघतील याचा भरवसा नाही. म्हणून ते वाण कलम करून वाढवतात.

पंधरा दिवसांत उगवण्याचं म्हणाल, तर ते झाडावर अवलंबून आहे. जपानी मेपलचं बी हिवाळा सरल्याशिवाय जागं होत नाही. ओलसर वाळूत घालून फ्रिजमध्ये चार-पाच अंश सेल्सिअसला तीनेक महिने ठेवावं लागतं. चिंचोक्याची अडचण वेगळी, त्याचं कवच टणक. एका कडेला पॉलिशपेपरने घासून आतला फिकट भाग दिसू लागला की थांबायचं, रात्रभर पाण्यात भिजवायचं आणि पेरायचं. वड-पिंपळाचं बी धुळीसारखं बारीक असतं, ते मातीत पुरायचं नाही, नुसतं वर पसरायचं. एकच सूचना सगळ्यांना लावली की निम्म्या बिया तिथेच वाया जातात.

आता सगळ्यात घातक सल्ला, उथळ कुंडीचा. उथळ कुंडीत वाढ मंदावते हे खरं आहे, आणि नेमकी म्हणूनच ती शेवटी वापरायची असते. बोन्साय जुनं वाटतं ते खाली रुंद आणि वर निमुळत्या होत गेलेल्या खोडामुळे. खोड जाड होतं ते पानांनी बनवलेल्या अन्नावर. जितकी पालवी जास्त, तितकं लाकूड जास्त. मी एकाच दिवशी दोन चिंचोके लावले होते, एक उथळ ताटलीत, दुसरा रुंद, खोल कुंडीत. पाच वर्षांनी ताटलीतलं खोड पेन्सिलीएवढं होतं, तर दुसऱ्याचा बुंधा दोन अंगठ्यांएवढा. त्या दुसऱ्याला मी माझ्या खांद्यापर्यंत वाढू दिलं, मग बुंध्यापासून वीतभरावर कापलं, बाजूने फुटलेली फांदी नवा शेंडा म्हणून उभी केली, तीही वाढवली आणि पुन्हा कापली. आधी वाढवायचं, मग आवरायचं. मेसेजमध्ये हा क्रम नेमका उलटा झालाय.

खरं तर बीपासून सुरुवात करण्याचा मोठा फायदा मुळांत आहे, आणि त्याचा मजकुरात उल्लेखही नाही. रोपाला खरी पानं (उगवताना दिसणाऱ्या बीजदलांनंतरची) फुटली की ते अलगद उपटायचं. खाली एकच लांब सोटमूळ लोंबत असतं आणि वरच्या बाजूला केसांसारखी बारीक मुळं. सोटमुळाचा खालचा भाग धारदार कात्रीने कापायचा, बारीक मुळं बोटांनी चहूबाजूंना पसरायची आणि मातीत सपाट फरशीचा तुकडा ठेवून त्यावर रोप बसवायचं. खाली जायला वाट नसली की मुळं आडवी पसरतात, आणि पुढे बुंध्याभोवती तोच पसारा दिसतो. जपानीत त्याला ‘नेबारी’ म्हणतात. मोठ्या झाडावर ही चूक सुधारायला बरीच वर्षं जातात. कोवळ्या रोपावर पाच मिनिटांचं काम.

चमचाभर पाण्यामागे ‘उपाशी ठेवलं की खुजं राहतं’ हा समज आहे. १६२५पासून जोपासलेला एक जपानी पांढरा पाइन १९४५मध्ये हिरोशिमात अणुबॉम्बमधूनही वाचला, १९७६मध्ये अमेरिकेला भेट दिला गेला आणि आज वॉशिंग्टनमधल्या राष्ट्रीय बोन्साय संग्रहालयात आहे. उपासमारीवर झाड इतकं जगत नाही. पाणी पोटभर द्यायचं, तळाच्या भोकातून वाहेपर्यंत. फक्त माती रवाळ हवी, म्हणजे निचरा होतो. कोवळ्या रोपाला मात्र सतत चिखल नको, नाहीतर बुरशीने ते मातीलगत बारीक होऊन एका रात्रीत आडवं पडतं. आणि खोलीतलं टेबल विसरा. मेपल, पाइन यांना उघडी हवा आणि थंडीतली विश्रांती हवीच. वडाच्या कुळातली काही झाडं घरात तग धरतात, तीही भरपूर उजेड असेल तरच.

वर्षभरात हातात येतं ते रोप. बोन्सायचा आकार दिसू लागायला बीपासून आठ-दहा वर्षं लागतात.

बिया मागवलेल्या त्या दोघांपैकी एकीची दोन रोपं अजून तग धरून आहेत. कुठल्या झाडाची आहेत ते ओळखू आलेलं नाही. परवा आम्ही ती ताटलीतून काढली, सोटमुळं कापली, खोल कुंडीत लावली आणि थोडे दिवस सावलीला ठेवली आहेत. नवी पालवी दिसली की उन्हात नेऊ.