कार्ड बदलून मिळतं, जन्मतारीख नाही

सणाची खरेदी सुरू झाली की सावधगिरीचे मेसेजही फिरायला लागतात. ओटीपी सांगू नका, पिन देऊ नका. बरोबरच आहे ते. पण मला राहून राहून वाटतं की आपण कार्डाला डोळ्यात तेल घालून जपतो आणि स्वतःची माहिती मात्र मागेल त्याला देऊन टाकतो. कार्ड गेलं तर काही मिनिटांत ब्लॉक होतं, नवं घरी येतं. जन्मतारीख, पत्ता, ओळखपत्राचा नंबर एकदा बाहेर गेला की गेला. त्याच्या जोरावर कुणी तुमच्या नावाने सिम घेतं, कर्ज उचलतं, आणि तुम्हाला पत्ता लागतो तो थेट वसुलीचा फोन आल्यावर.

"मी नावाजलेल्या दुकानातूनच घेते," असं बऱ्याच जणी म्हणतात. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या 'टार्गेट' या मोठ्या दुकानसाखळीत ऐन सुट्ट्यांच्या गर्दीत, २७ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर या काळात, सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. ही ऑनलाइन खरेदी नव्हती, लोक काउंटरवर उभे राहून कार्ड स्वाइप करत होते. चोर आत शिरले ते दुकानाची रेफ्रिजरेशनची कामं करणाऱ्या एका ठेकेदाराचं लॉगिन वापरून. पुढे कळलं की ७ कोटींपर्यंत लोकांची नावं, पत्ते, फोन नंबर, ईमेल असंही बरंच काही गेलंय. कार्डं बँकांनी बदलून दिली. बाकीच्याचं काय?

म्हणून माझा आग्रह एवढाच की दुकानाकडे तुमची माहिती जितकी कमी, तितकं तिथून चोरीला जाण्यासारखं कमी. शर्ट विकणाऱ्याला तुमची जन्मतारीख कशाला हवी? वाढदिवसाच्या कूपनसाठी! सोडा ते कूपन. फॉर्ममध्ये ज्या रकान्यापुढे 'भरणं सक्तीचं' सांगणारी चांदणी (*) नसेल तो कोरा ठेवा. खातं न उघडता खरेदी करता येत असेल तर तशीच करा. 'कार्ड सेव्ह करा' या चौकोनात आधीच टिक केलेली असेल, तर ती काढा.

आता तो पार्सलचा मेसेज. "पत्ता अपूर्ण असल्याने तुमचं पार्सल अडकलं आहे, किरकोळ शुल्क भरा." या दिवसांत प्रत्येक घरी कुठलं ना कुठलं पार्सल यायचं असतंच, त्यामुळे तो कुणालाही खरा वाटतो. लिंक उघडली की हुबेहूब कुरियरचं पान, तोच रंग, तोच लोगो. आधी नाव-पत्ता, मग जन्मतारीख, मग कार्ड, शेवटी ओटीपी. रक्कम इतकी क्षुल्लक असते की कुणी विचारच करत नाही, पण त्या चार रकान्यांत आख्खा माणूस त्यांच्या हातात गेलेला असतो. अशी लिंक उघडूच नका. जिथून ऑर्डर केली त्याच ॲपमध्ये जाऊन पार्सल कुठे आहे ते बघा.

वेबसाइटच्या पत्त्याशेजारी कुलूप दिसलं म्हणजे दुकान खरं, हा समज तर आता सोडायलाच हवा. कुलुपाचा अर्थ एवढाच की तुमच्या आणि त्या साइटच्या मधे कुणी डोकावू शकत नाही. साइट चोराची असली तरी कुलूप असू शकतं. लोक चुकीचा अर्थ काढतात म्हणून क्रोम या ब्राउझरने २०२३ मध्ये ते चिन्हच बदललं. त्यापेक्षा पत्ता वाचायला शिका. सुरुवातीला दोन तिरप्या रेघा (//) दिसत असतील तर त्या सोडून पुढची पहिली तिरपी रेघ (/) शोधा आणि तिच्या लगेच आधी काय लिहिलंय ते बघा. खरा मालक तिथे असतो. दुकानाचं ओळखीचं नाव अगदी सुरुवातीला असेल आणि या रेघेच्या आधी 'ऑफर डॉट शॉप' असलं काहीतरी असेल, तर बाहेर पडा.

फुकटच्या वायफायबद्दल फार भीती घातली जाते. माझ्या मते त्याहून मोठा धोका म्हणजे एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरणं. एका फालतू साइटवरून तो फुटला की चोर तोच पासवर्ड तुमच्या ईमेलवर लावून बघतात. आणि ईमेल त्यांच्या हाती गेला की संपलंच, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड बदलायच्या लिंका तिथेच येतात. निदान ईमेलचा पासवर्ड तरी वेगळा ठेवा, आणि त्याला दुसऱ्या टप्प्याची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड किंवा होकार मागणारी सोय, आजच्या आज लावा.

ओळखपत्राचा फोटो कुणाला पाठवावाच लागला, तर त्यावर आडवं लिहा: कुणासाठी, कशासाठी, कोणती तारीख. ती प्रत मग दुसरीकडे खपवणं अवघड होतं. रिकामी खोकी टाकण्याआधी नाव, पत्ता, फोन असलेलं लेबल फाडा.

भर दिवसा फोनची रेंज अचानक गेली आणि शेजारच्याचा त्याच कंपनीचा फोन चालू असेल, तर वाट बघत बसू नका. तुमचा नंबर दुसऱ्याच सिमवर गेलेला असू शकतो, म्हणजे तुमचे ओटीपीही तिकडेच जाणार. दुसऱ्याच्या फोनवरून आधी बँकेला कळवा, मग मोबाइल कंपनीला. अशा गडबडीत नंबर शोधत बसायला वेळ नसतो. बँकेचे आणि कंपनीचे मदत क्रमांक कागदावर लिहून घरातल्या सगळ्यांना दिसेल अशा जागी लावा, आणि आईवडिलांच्या घरीही एक प्रत नेऊन द्या.